'तुझ्याच अंगाला मानवत नाही' : कामातून येणाऱ्या ॲलर्जीविषयी

(भंडारा जिल्ह्यातल्या कष्टकरी बायांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज इथे बिडी वळणाऱ्या बाया आहेत, राइस मिलमध्ये जाणाऱ्या आहेत, मोहाडी-आंधळगावकडच्या टसरचं सूत काढणाऱ्या आहेत, पवनीकडच्या मिरचीच्या सातऱ्यावर बसणाऱ्या आहेत. रोवणी-निंदणाला तर जवळपास सगळ्याच जाता. कामं वेगळी, मालक वेगळे. मजुरी सगळीकडे कमी, एवढं सारखं.

आणखी एक गोष्ट सारखी आहे. शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज, रात्रीचा खोकला, छातीतली शीळ, हातावरची न जाणारी खरूज, असं काही घेऊन बाई दवाखान्यात गेली की तिला सांगतात, "ॲलर्जी आहे." कामावर सांगितलं की मुकादम म्हणतो, "बाकीच्या बायांना काही होत नाही, तुझ्याच अंगाला मानवत नाही." घरी नवरा, सासूही तेच म्हणतात. शेवटी बाईलाच वाटायला लागतं की आपलंच अंग नाजूक, आपलाच दोष. आणि ती दुखणं अंगावर काढते.

आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. 'तुझ्याच अंगाला मानवत नाही' हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सत्य त्या धुळीत आहे, त्या कामात आहे. आणि ते अर्धं बदलता येतं.

ॲलर्जी जन्माला येत नाही, घडते

आपल्या अंगात एक पहारा असतो. रोगजंतू आत शिरले की हा पहारा त्यांच्याशी लढतो. कधीकधी हा पहारा फसतो. धान्याची धूळ, बुरशी, अळीच्या अंगावरचा भुगा, पिठातली प्रथिनं, असल्या एरवी निरुपद्रवी गोष्टींना तो शत्रू समजतो. पण हे पहिल्या दिवशी होत नाही. ती वस्तू पुन्हा पुन्हा नाकातून, कातडीतून आत जाते, तेव्हा कुठे पहारा तिची 'ओळख' धरतो. याला काही आठवडे लागतात, काही महिने, कधी कित्येक वर्षं. या काळात बाईला काहीच त्रास नसतो. एकदा ओळख धरली की मात्र चिमूटभर धूळही पुरते.

म्हणून "दहा वर्षं हेच काम करते, तेव्हा नाही झालं, आता कसं होईल?" या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. असंच होतं. आधी काम, मग ओळख, मग त्रास.

ॲलर्जीचे मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवा. एक लगेच होणारी: धुळीत गेलं की थोड्या वेळात शिंका, डोळ्यांना पाणी, दम लागणं. काही वेळा दम मात्र सहा-आठ तासांनी, घरी गेल्यावर लागतो, आणि मग कामाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. दुसरी कातडीची, उशिरा होणारी: आज हात लागला, तर उद्या-परवा खाज, पुरळ, पाणी सुटणं.

सगळी जळजळ म्हणजे ॲलर्जी नव्हे

इथे थोडी निवड करायला शिकलं पाहिजे. मिरचीची देठं खुडताना हाताची आग होते, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. ते सगळ्यांनाच होतं, पहिल्याच दिवशी होतं, कारण मिरचीतला तिखट पदार्थच तसा आहे. ही ॲलर्जी नव्हे, ही जळजळ. तंबाखूतलं निकोटीन ओल्या हातातून, कातडीतूनही अंगात जातं. त्याने मळमळ आणि चक्कर येऊ शकते. तीही ॲलर्जी नव्हे, ते विष चढणं आहे. आपल्या जिल्ह्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसं कडक होतात, तो आजार आणखी वेगळा. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्यायची. टीबीला ॲलर्जी समजून गोळ्या खात बसायचं नाही.

पण ॲलर्जी नाही म्हणजे त्रास खोटा, असंही कुणी म्हणू नये. जळजळीने कातडी फाटली, नाकाचं अस्तर सोललं गेलं, की त्याच वाटेने ॲलर्जी घडवणाऱ्या वस्तू सहज आत जातात. एक दार दुसऱ्याला उघडतं.

आपापल्या कामाकडे पाहू या

आधी धान. धानाची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात तुसाचे बारीक काटे असतात, बुरशी असते, साठवणीतले किडे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट्स असतात. पावसात भिजलेलं धान पोत्यात राहिलं की बुरशी वाढते. ते पोतं फोडताना, चुरणा करताना, मिलमध्ये झाडू मारताना ती बुरशी छातीत जाते. कुणाला त्याने दमा होतो. कुणाला काही तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला येतो आणि दोन दिवसांत बरं वाटतं. हे वारंवार झालं तर फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. आपण त्याला मलेरिया समजतो. मिलमध्ये मशीनवर बहुतेक पुरुष असतो. झाडणं, पाखडणं, वाळत घालणं, कोंडा भरणं हे बाईकडे. म्हणजे मजुरी कमी आणि धूळ जास्त, अशी ही वाटणी आहे.

आता टसर. करवत काठी साडीचं नाव आपण ऐकतो, पण तिच्या सुतामागच्या बाईचं नाव कुठे येत नाही. कोश उकळायचे, मेलेली अळी बाजूला करायची, मांडीवर घासून सूत काढायचं. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९८५ साली कर्नाटकातल्या रेशीम कारखान्यांमधल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना कामामुळे जडलेला दमा सापडला, आणि कोशाच्या आणि अळीच्या प्रथिनांची ॲलर्जी कामगारांच्या कातडीच्या चाचणीत दिसली. ते तुतीचं रेशीम होतं. टसरची अळी वेगळ्या जातीची, पण कोशाची वाफ, अळीचा भुगा आणि पाखराच्या पंखावरचे कण आपल्याही बायांच्या नाकासमोरच असतात. मांडीवरची ही पद्धत संपवून 'बुनियाद' नावाचं यंत्र द्यायचा कार्यक्रम केंद्रीय रेशीम मंडळाने हाती घेतला. यंत्र आलं तर मांडी सोलायची थांबेल, ते चांगलंच. पण वाफ बाहेर जायला खिडकी आहे का, हा प्रश्न यंत्राबरोबरही विचारायचा.

बिडीचं काय? पानं भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची. ही धूळ दिवसभर छातीच्या समोर असते. तंबाखूच्या पानाची आणि त्यावर वाढणाऱ्या बुरशीची ॲलर्जी, तिच्यातून होणारा दमा, हे जगभरच्या तंबाखू कामगारांत नोंदलं गेलं आहे. मजुरी हजार बिड्यांमागे, म्हणून उठून तोंड धुवायला, हवेत जायलाही बाई घाबरते. आणि घर हाच कारखाना, म्हणून पाळण्यातलं मूलही त्याच हवेत श्वास घेतं. कारखान्यातली बाई संध्याकाळी धुळीतून सुटते. बिडीवाली बाई धुळीतच स्वयंपाक करते आणि धुळीतच झोपते.

शेवटी गाजरगवत. त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. १९५० च्या दशकात ते पुण्याकडे पहिल्यांदा लक्षात आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानलं जातं. पुढे ते देशभर पसरलं. आज आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात ते आहे. त्यात पार्थेनिन नावाचा पदार्थ असतो. पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६८ पासून याच्या कातडीच्या ॲलर्जीवर लिहिलं, आणि जगाला हा आजार नीट कळला तो आपल्या महाराष्ट्रातून. पापण्या, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्या सुजतात, काळ्या पडतात, कातडी हत्तीसारखी जाड होते. सुकलेल्या गवताचा भुगा हवेतून उडून आला तरी पुरतो.

इथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या आजाराच्या दवाखान्यातल्या नोंदींत पुरुष जास्त दिसतात. पुरुष उघड्यावर जास्त काम करतात, असं त्याचं कारण सांगितलं जातं. आता मला सांगा, आपल्याकडे निंदण कोण करतं? चारा कोण कापतं? बाईला आजार कमी होतो, की बाई दवाखान्यापर्यंत कमी पोचते? नोंद दवाखान्यात होते. बांधीत नोंद होत नाही.

मग बाकीच्यांना का होत नाही?

हा मुकादमाचा आवडता प्रश्न. त्याचं सरळ उत्तर देऊ या.

ज्यांच्या माहेरी-घरी दमा, इसब, हंगामी शिंका आहेत, त्यांना काही ॲलर्जींचा धोका थोडा जास्त असतो, हे खरं. पण अशा बहुतेक जणींना कामातून दमा होत नाही. आणि घरात कुणालाच काही नसलेल्या कित्येकींना होतो. म्हणजे आधीच अंग तपासून 'ही बाई चालेल, ही नको' असं ठरवणं शास्त्राला धरून नाही. तसं केलं तर चांगल्या बायांचा रोजगार जाईल आणि धूळ तिथेच राहील.

आजार किती जणींना होणार, हे मुख्यतः धूळ किती, किती वेळ आणि किती जवळून, यावर ठरतं. धूळ वाढली की ओळख धरणाऱ्यांची संख्या वाढते. धूळ कमी झाली की ती कमी होते. विडी-सिगारेट ओढणं, चुलीचा धूर, यांनी फुप्फुस आधीच थकलेलं असतं, तो भार वेगळा. पहिल्या बाईला त्रास झाला म्हणजे तिचं अंग नाजूक, असा अर्थ काढू नका. हवेत काहीतरी आहे, हे तिच्या अंगाने सगळ्यांच्या आधी सांगितलं. तिला घरी बसवलं तर दुसऱ्या वर्षी तिच्या जागी आणखी कुणी असेल.

काम बदललं की आजार बदलतो

ही नुसती माझी मतं नाहीत. तीन उदाहरणं सांगते.

१९६९ साली इंग्लंडमध्ये कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यातले कामगार दम्याने आजारी असल्याचं प्रसिद्ध झालं. पावडरीत डाग घालवणारी एन्झाइम्स नव्याने घातली होती, त्यांची भुकटी उडत होती. पुढे त्या भुकटीचे आवरण घातलेले दाणे केले, यंत्रं झाकली, आणि आजार कमी झाला. कामगारांची अंगं तीच, धूळ कमी झाली. पण गोष्ट इथे संपत नाही. २००० साली अशाच एका आधुनिक कारखान्यात, आवरण घातलेले दाणे वापरूनही, पुन्हा दमा सापडला. म्हणजे एकदा उपाय केला म्हणून निश्चिंत बसता येत नाही, हवेतली धूळ मोजत राहावी लागते.

दुसरं उदाहरण सिमेंटचं, कारण आपल्यातल्या कित्येकी घमेली उचलतात. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे हातांना हट्टी ॲलर्जी होते. डेन्मार्कने १९८३ साली कायद्याने त्याचं प्रमाण बांधून दिलं. लोहाचा एक स्वस्त क्षार मिसळला की ते क्रोमियम निरुपद्रवी होतं. २००५ पासून युरोपभर तोच नियम लागू झाला.

तिसरं, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. रबरी हातमोज्यांतल्या पावडरीबरोबर रबराची प्रथिनं हवेत उडत आणि नर्सना दमा होई. जर्मनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी पावडरीचे मोजे बंद केले आणि नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली.

तिन्ही ठिकाणी 'तुमच्या अंगाला मानवत नाही' एवढं म्हणून गोष्ट संपली नाही. वस्तू बदलली, हवा बदलली.

ओळखायचं कसं

१७०० साली इटलीत रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. धान्य चाळणारे, तंबाखूत काम करणारे, सगळे त्यात आहेत. रोग्याला एक प्रश्न जरूर विचारावा, असं त्याने सांगितलं: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली. आपल्याला हा प्रश्न किती डॉक्टरांनी विचारला? न विचारला तर आपणच सांगायचं: "डॉक्टर, मी राइस मिलमध्ये झाडते. मी बिडी वळते."

स्वतःला चार प्रश्न विचारा. काम सुरू केल्यावर त्रास सुरू झाला का? सुटीत, माहेरी गेल्यावर बरं वाटतं का? परत कामावर गेलं की पुन्हा होतं का? बरोबरच्या आणखी कुणाला होतं का? उत्तरं वहीत तारखेसह लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. दम्यासाठी फुंकायचं एक साधं, स्वस्त यंत्र मिळतं, पीक फ्लो मीटर. कामाच्या आणि सुटीच्या दिवशी, दिवसातून चार वेळा, दोन-चार आठवडे फुंकून आकडे लिहिले, तर काम आणि दमा यांचं नातं कागदावर दिसतं. कातडीसाठी पाठीवर पट्टी लावून करायची चाचणी असते, ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे.

वेळ घालवू नका. बहुतेक वेळा आधी नाक आणि डोळे बोलतात, मग छाती. नाकाच्या पायरीवर धूळ थांबली तर पुष्कळ वाचतं. दमा जडल्यावर वर्षानुवर्षं त्याच धुळीत राहिलं तर पुढे काम सोडूनही तो जात नाही. इनहेलरची सवय लागते, ही समजूत सोडा, दम्यावर तेच चांगलं औषध आहे. उलट दर महिन्याला घेतलेली सुई किंवा 'ताकदीची गोळी' स्टेरॉइडची असू शकते. ती दीर्घकाळ घेतली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ती एकदम बंदही करायची नाही, डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची.

कायदा काय म्हणतो

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला कामाच्या रोगांची यादी जोडलेली होती. कामातल्या ॲलर्जी घडवणाऱ्या पदार्थांमुळे झालेला दमा त्या यादीत आहे, कातडीचे रोग आहेत, सेंद्रिय धुळीने होणारा फुप्फुसाचा ॲलर्जीचा आजारही आहे. आता तो कायदा गेला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ही यादी तिच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. ज्यांना ती लागू होते त्यांच्या बाबतीत तत्त्व असं: दमा किंवा कातडीचा रोग झालेली बाई त्या कामावर सलग सहा महिने असेल, तर रोग कामातूनच आला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं ते मालकाने.

म्हणजे आपण त्या कामावर होतो, एवढा पुरावा आपल्याकडे हवा. तो बहुतेकींकडे नसतो. मिलमध्ये हजेरी मुकादमाच्या वहीत, तीही कधी नवऱ्याच्या नावावर. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, ही बायांच्या चळवळीला मिळालेली मोठी गोष्ट होती. तो कायदाही आता नव्या संहितेत विलीन झाला आहे. म्हणून आपलं ओळखपत्र, मजुरीची नोंदवही आपल्याच नावावर आणि आपल्याच पेटीत ठेवा. टसरचं सूत घरी काढणाऱ्या बाईचा मालक कोण, हे तर कागदावरच नसतं. ते कागदावर आणणं ही पहिली लढाई.

काय मागायचं

मास्क शेवटी मागायचा. पदर तोंडाला बांधला तरी बारीक धूळ थांबत नाही. आधी मागायचं ते हवेसाठी. मिलमध्ये कोरडा झाडू बंद करून पाणी शिंपून झाडणं, धूळ ओढणारा पंखा, यंत्राच्या तोंडाला झाकण, बुरशी लागलेलं धान वेगळं ठेवणं. टसरला चूल बाहेर आणि खिडकी उघडी. बिडीला तंबाखू चाळण्याचं काम घरात आणायचंच नाही, ते ठेकेदाराने करून द्यायचं. वळायला ओसरी, स्वयंपाकाला आणि मुलांना वेगळी जागा. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हात झाकून, गावाने मिळून उपटायचं. ज्या बाईला आधीच त्रास आहे तिला त्या कामावर पाठवायचं नाही. ग्रामपंचायतीकडे हे लेखी द्या. १९८४ पासून हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगाही आपल्या देशात सोडला गेला आहे, कृषी खात्याकडे त्याची चौकशी करा.

आणि जिला त्रास झाला तिला त्याच मजुरीवर कमी धुळीचं काम मिळालं पाहिजे. नाहीतर कुठलीच बाई त्रास सांगणार नाही. उद्याची चूल पेटायची असेल तर कुणीही खोकला गिळेल.

हे एकटीने मागितलं तर मुकादम पुन्हा तेच वाक्य म्हणेल. म्हणून आज घरी जाण्याआधी एक काम करू या. प्रत्येक गटाने एक वही घ्यावी. कुठलं काम, किती वर्षं, काय त्रास, कधी वाढतो, सुटीत कमी होतो का, एवढे पाच रकाने. पुढच्या तीन महिन्यांत आपल्या गावातल्या, आपल्या मिलमधल्या, आपल्या आळीतल्या प्रत्येक बाईची नोंद त्यात करा. नाव लिहायची भीती वाटत असेल तर नुसता आकडा लिहा. एका बाईचा खोकला हा तिच्या अंगाचा दोष म्हणून झटकून टाकता येतो. एकाच मिलमधल्या वीस बायांचा खोकला लिहून काढला, की त्याला उत्तर द्यावंच लागतं.